सगळ्यांना इलाज आणि पडोळेजी

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आणि बिड्या वळून वळून बोटं अशी झाली आहेत की हातात पेन धरला तरी ती पान गुंडाळायलाच बघतात. तेव्हा कोणी हे वाचलंच, तर चुका पोटात घालाव्यात. मी चारचौघांत बोलत नाही. बोलायचं राहून गेलेलं कधी कधी लिहून काढते, एवढंच. आज पडोळेजींबद्दल लिहिते आहे, कारण त्यांच्यासमोर कोणाला काही बोलायची सोयच नाही. सगळं तेच बोलतात.

पडोळेजी मूठ तोंडाशी धरल्याशिवाय बोलत नाहीत. मूठ म्हणजे त्यांचा माईक. खरा माईक त्यांना वर्षातून एक-दोनदा मिळतो, उरलेलं वर्ष मुठीवर भागवतात. मुठीत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. सकाळी ओसरीवर दात घासताना टूथब्रश असतो, दुपारी छत्री असते. आमचे हे पनागरहून माल आणून जबलपूरच्या गोरखपूर बाजारात भाजीचा ठेला लावतात. एकदा पडोळेजींनी ठेल्यावरचं वांगं उचललं आणि औषधांच्या किमतीवर इतका वेळ बोलले की वांगं हातात नरम पडलं. मग ह्यांना म्हणाले, हे नरम आहे, दुसरं द्या.

ते आमच्याच गल्लीत राहतात, चेरीतालला. मूळचे आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे. गल्लीत आमची तीन-चार घरं मराठी, बाकी सगळी हिंदी, म्हणून पडोळेजी भाषण मराठीत सुरू करतात आणि राग आला की हिंदीत जातात. राग त्यांना लवकर येतो. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर सांगतात, माझं लग्न युनियनशी झालं. त्या युनियनने त्यांना कधी गरम पोळी वाढलेली मी तरी पाहिली नाही. खोलीत स्टोव्ह आहे, त्यावर ते सकाळी खिचडी टाकतात आणि तीच संध्याकाळी खातात.

युनियन बिडीवाल्या बायकांची आहे. आता यात गंमत अशी की पडोळेजी स्वतः पूर्वी बिडी कंपनीत चेकर होते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही घरी बिड्या वळतो आणि हजाराच्या हिशेबाने नेऊन देतो. तिथे चेकर बसतो. तो बिडी दाबून बघतो आणि सैल वाटली, तोंड नीट मुडपलेलं नसलं, किंवा त्या दिवशी घरून भांडून आला असला, की ती बाजूला टाकतो. याला छाट म्हणतात. छाटलेल्या बिडीचे पैसे मिळत नाहीत आणि बिडीही परत मिळत नाही. तर पडोळेजींनी उभं आयुष्य आमच्या बिड्या छाटल्या. माझ्या सासूबाई त्यांचं नाव घेताना आधी थुंकायच्या आणि मग घ्यायच्या. पुढे ते गोदाम बंद पडलं, चेकरी गेली, आणि ती गेली त्या दिवशीच पडोळेजींना बिडीवाल्या बायकांचा कळवळा आला.

बायकांना हवी होती मजुरी वाढवून आणि छाट कमी करून. पडोळेजींनी ती मागणी ऐकली, दाबून बघितली, आणि बाजूला टाकली. म्हणाले, "मजुरी वाढली तर काय होईल? ती तुम्ही डॉक्टरच्या घशात घालाल. मागायचं तर एकच मागा. सबको इलाज. बिडीवाल्याला, ठेलेवाल्याला, भीक मागणाऱ्याला. एक पैसा न देता."

तेव्हापासून त्यांचं हे एकच चालू आहे. शहरातल्या दुसऱ्या युनियनवाल्यांच्या बोनसच्या सभेत जातील आणि इलाजावर बोलतील. आंगणवाडीवाल्या बाया पगारासाठी धरणं देऊन बसल्या तर त्यांच्यात जाऊन बसतील आणि पगार सोडून सगळ्यावर बोलतील. कोणी शिंकलं तरी म्हणतात, "लिहा सरकारच्या नावावर." तुमचा खोकला, तुमचा ताप, तुमचा दुखरा गुडघा, सगळं सरकारच्या नावावर. आमच्या शेजारच्या ढोमणेमावशींची सून बाळंत झाली तेव्हा बारशाला त्यांना बोलावलं. बायका पाळण्याची दोरी धरून गाणं म्हणत होत्या. पडोळेजी पुढे झाले, मूठ वर केली आणि त्या बाळाला सांगितलं की जन्मल्या दिवसापासून तुझ्या तब्येतीची जबाबदारी शासनाची आहे. बाळ रडायला लागलं. ते म्हणाले, बघा, याला पटलं.

भेटले की नमस्कार नाही, रामराम नाही. पहिला प्रश्न, "तब्येत काय म्हणते?" लोकांना वाटायचं, केवढी आपुलकी. पण पडोळेजी आजार गोळा करत होते. आम्ही चाळणीतून जर्दा चाळतो तसे ते माणसातून आजार चाळायचे आणि भाषणात वापरायचे, नावानिशी. चौकातल्या सभेत भोंग्यावरून सगळ्या चेरीतालला ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं की हमारी सुमन बहन को देखिए, दिनभर बैठके बीडी बनाती है, कमर ऐसी अकड़ गई है कि सुबह दीवार पकड़के उठती है. मी तेव्हा सभेत मागे बसले होते. लोक वळून माझ्याकडे नाही, माझ्या कमरेकडे बघत होते. त्यानंतर कितीतरी दिवस मी नळावर गेले नाही. आजही जबलपुरात माझी कमर ज्यांना माहीत आहे, त्यातल्या निम्म्यांना मी माहीत नाही.

ढोमणेमावशींना मात्र याचं भलतंच अप्रूप. त्यांचा दमा दोन भाषणांत आला होता. तिसऱ्यात नाही आला तर त्या पडोळेजींकडे विचारायला गेल्या की काहून जी, माझा दमा बसला काय.

एवढ्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करणाऱ्या माणसाला स्वतःला मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांत. सगळ्या गल्लीला दिसत होतं, त्यांना सोडून. एकदा ते कामगारांच्या जुलुसात म्हणून गेले आणि भलत्याच जुलुसात शिरले. कुठल्याशा कोचिंग क्लासने निकाल लागल्याच्या आनंदात पोरांची मिरवणूक काढली होती, तिच्यात बराच वेळ घोषणा देत चालले. पोरंही हौशीने म्हणत होती, सबको इलाज. क्लासवाल्याने शेवटी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. परत आल्यावर सांगत होते, आज युवा वर्ग फार जोशात होता.

डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हटलं की उत्तर तयार. "सगळ्यांना मिळेल त्या दिवशी मी घेईन. मी रांगेत शेवटचा." कुठल्या संस्थेचं फुकट शिबिर लागलं तर, "शिबिर म्हणजे दान. मला दान नाही, हक्क पाहिजे." एकदा शिबिरवाले गल्लीत कागद वाटत आले. पडोळेजींनी त्यांच्याच कागदाची सुरळी केली, तोंडाशी धरली आणि त्यांच्याच विरुद्ध भाषण दिलं. ते बिचारे मान डोलावत ऐकत राहिले. गाडीत बसताना एकजण म्हणाला, बाबूजी का केस तो पका हुआ है.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. पण मग कार्डाचं प्रकरण झालं.

बिडीवाल्या बायकांना एक कार्ड असतं. त्यावर फोटो असतो, शिक्का असतो, आणि त्या कार्डावर घरच्या माणसांचं दवाखान्यातलं काम होतं. ते मिळवायला मला किती फेऱ्या पडल्या होत्या ते माझ्या चपलांना विचारा. आमचे हे ठेलेवाले, त्यांना कोण कार्ड देणार. घरात इलाजाच्या नावाने जे काही होतं ते माझं कार्ड. मी ते देवाच्या फोटोमागे ठेवत असे.

पडोळेजींच्या मते हे कार्डच सगळ्या रोगाचं मूळ. एक दिवस ते आमच्या अंगणात आले. आम्ही चार-पाच जणी सुपडी मांडीवर घेऊन बिड्या वळत होतो. ते म्हणाले, "कार्ड म्हणजे फूट. ज्याच्याजवळ कार्ड त्याला इलाज, ज्याच्याजवळ नाही तो मेला तरी चालते. सगळ्या युनियनवाल्यांनी ठरवून टाकलं आहे. सगळ्यांचे कार्ड एका दोरीत ओवायचे, हार करायचा, अन् साहेबाच्या गळ्यात घालायचा. घ्या तुमचे कार्ड, आम्हाला इलाज द्या."

ढोमणेमावशींनी विचारलं, "परत भेटतील ना जी कार्ड?"

"परत काहून पाहिजे, मावशी? सगळ्यांना इलाज झाल्यावर कार्डाचं काय लोणचं घालून राहिल्या?"

आमच्या समोरची रुखसानादीदी व्यवहारी आहे. तिने विचारलं, "भैया, झेरॉक्स चलेगी?"

पडोळेजी दुखावले. "झेरॉक्स दोगे, बहन, तो इलाज भी झेरॉक्स ही मिलेगा."

हे वाक्य बायकांना फार आवडलं. मलाही आवडलं असेल, कारण मी उठले आणि देवाच्या फोटोमागचं कार्ड आणून दिलं. बोलायची सवय नसली की माणूस नाही म्हणायलाही शिकत नाही.

जुलूस मोठा निघाला. कारखान्यांतले लोक होते, सफाईवाले होते, आंगणवाडीच्या बाया होत्या. एका मोठ्या कचेरीसमोर सगळे थांबले आणि हार वर उचलला गेला. मी जवळ होते म्हणून मला दिसलं. कारखानेवाल्यांच्या झेरॉक्स. सफाईवाल्यांच्या झेरॉक्स. पांढरे कागद वाऱ्यावर फडफडत होते. त्यात आमच्या गल्लीची खरी कार्डं प्लास्टिकमध्ये चमकत होती, फोटोसकट. सगळ्या जबलपुरात आमच्याच गल्लीने खरा माल दिला होता. मी पडोळेजींच्या बाहीला हात लावून दाखवलं. ते हाराकडे बघून म्हणाले, "वा, काय एकजूट आहे." त्यांना खरं आणि झेरॉक्स सारखंच पांढरं दिसत होतं.

साहेबांनी हार गळ्यात घेतला नाही, हातात घेतला. वर पाठवतो म्हणाले. वर म्हणजे कुठे ते नाही सांगितलं. एक चपराशी तो हार काखेत मारून आत गेला, आणि आमची कार्डं त्यानंतर कोणी पाहिली नाहीत. पुढे चौकशीला गेलं की म्हणायचे, नवीन अर्ज करा. अर्ज केला की म्हणायचे, जुनं कार्ड जमा करा.

थंडीत पनागरच्या मटाराचा हंगाम सुरू झाला. ह्यांना पोटाखाली हर्नियाचा फुगवटा होता, बऱ्याच वर्षांचा. पोतं उचलताना बाहेर यायचा, हे हाताने दाबून आत घालायचे आणि पुढचं पोतं उचलायचे. एका सकाळी तो आत जाईना. ठेल्यावरच उलट्या सुरू झाल्या. बाजारातल्या लोकांनी ऑटोत घालून घरी आणलं तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

जिथे कार्डावर ऑपरेशन होतं तिथे मी ह्यांना घेऊन गेले. खिडकीतल्या माणसाने हात पुढे केला, "कार्ड?"

मी म्हटलं, सरकारला दिलं.

"काहे को?"

मी म्हटलं, सबको इलाज मिले इसलिए.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या माणसाकडे बघितलं, आणि म्हणाला, दीदी, बाजू हो जाओ. दुसऱ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची रांग होती, सकाळी या म्हणाले. अडकलेलं आतडं सकाळची वाट बघत नाही, हे तिथल्याच एका नर्सने मला हळूच सांगितलं आणि एका खाजगी नर्सिंग होमचं नाव दिलं. तिथे ह्यांना लगेच खाटेवर घेतलं. पण पैसे आधी भरा म्हणाले. जो आकडा सांगितला तेवढ्या बिड्या वळायच्या तर मला जन्म पुरला नसता.

तेवढ्यात पडोळेजी आले. कोणीतरी निरोप दिला असावा. दारातूनच मूठ वर गेली. "यह आदमी बीमार नहीं है, डॉक्टर साहब. व्यवस्था बीमार है." डॉक्टर म्हणाले, आवाज कमी करा, इथे पेशंट आहेत. पडोळेजी म्हणाले, तेच तर सांगून राहिलो, सगळा देश पेशंट आहे. बाकावर बसलेले लोक ऐकायला लागले. पडोळेजींना लोक ऐकताहेत हे कळतं, दिसत नसलं तरी. त्यांचा आवाज चढला. आतून ह्यांचं कण्हणं ऐकू येत होतं.

मी आयुष्यात परक्या पुरुषाशी कधी चढून बोलले नव्हते. तेव्हा बोलले. म्हटलं, "भाऊजी, हात खाली घ्या. माझं कार्ड तुम्ही नेलं. आता पैसे तुम्ही आणा."

त्यांनी हात खाली घेतला. हात खाली असताना त्यांचा चेहरा मी प्रथमच पुरता पाहिला. म्हातारे दिसत होते. वळले, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, आणि गेले. मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा दिसत नाही.

पण आले. कापडी पिशवीत पैसे होते, सगळे. माझ्या हातात देऊन म्हणाले, "युनियनच्या फंडातून आहेत. फुकट नाहीत. दर महिन्याला थोडे थोडे परत करायचे, पहिल्या रविवारी मी येईन." आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. ह्यांना ऑपरेशनला नेलं, परत आणलं, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं, तोपर्यंत ते तिथेच बसून होते. आत मात्र आले नाहीत. ऑपरेशनच्या खोलीकडे बघायलाही तयार नव्हते. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. वाटायलाच हवी होती.

युनियनच्या फंडात काय आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दोन झेंडे, एक भोंगा आणि खळीचा डबा. खरी गोष्ट ढोमणेमावशींनी सांगितली. त्या दिवशी पडोळेजी त्यांनाच हाताला धरून बँकेत घेऊन गेले होते, कारण सही कुठे करायची ते त्यांना दिसत नव्हतं. एफडी मोडली. बँकेतल्या मुलीने विचारलं, बाबूजी, वेळेआधी काहून मोडता, तर म्हणाले, ही आजारपणासाठीच ठेवली होती.

म्हणजे बघा. जो माणूस बारशातल्या पोरालासुद्धा सांगतो की तुझी तब्येत सरकारच्या नावावर, त्याने स्वतःच्या तब्येतीसाठी गुपचूप बँकेत एफडी ठेवली होती. आम्हाला कार्ड टाकायला लावलं आणि आपलं कार्ड बँकेत. हे ऐकून मी आधी हसले, मग मला राग आला. राग यासाठी की ते पैसे तर त्याने आमच्यावर लावले होते. त्यामुळे मनासारखा राग धरायची माझी सोयच त्याने ठेवली नाही. हे खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, फंड म्हणतो ना तो, तर आपणही फंडच म्हणायचं.

मग ते पहिले रविवार सुरू झाले. पडोळेजी यायचे, चपला बाहेर काढायचे, भिंत चाचपत खाटेपर्यंत जायचे आणि ह्यांना विचारायचे, "टाके काय म्हणतात?" टाके केव्हाच सुकले होते. तरी सगळं खोदून खोदून विचारायचे. जड उचलत नाही ना, खोकताना दुखत नाही ना, पोट साफ होते ना. मी चहा द्यायचे, पैसे द्यायचे. पैसे खिशात गेल्यावरही ते बसूनच राहायचे. एकदा माझ्या जर्द्याच्या सुपड्यात पाय देऊन उठले. एकदा चहाचा कप खाटेवर ठेवायला गेले आणि खाट तिथे नव्हतीच.

माझ्याजवळ कधी दोन महिन्यांचे पैसे जमले तर मी एकदम पुढे करायचे. ते एका महिन्याचेच घ्यायचे आणि उरलेले परत सरकवायचे. "नियमात बसत नाही, वहिनी." कसला नियम, कुठला नियम. युनियन त्यांची, नियम त्यांचा, पैसेही त्यांचेच. मी मनात म्हणायचे, चेकर तो चेकरच. चांगले पैसेसुद्धा छाटतो.

डोळ्याचा विषय काढला की आता नवं कारण झालं होतं. "फंड पुरा भरू द्या. मग डोळ्याचं पाहू." ह्यांनी म्हटलं, सरकारी दवाखान्यात डोळ्याचं फुकट होते जी, त्याला फंड कशाला. पडोळेजी म्हणाले, तत्त्व असते. आणि निघताना दाराऐवजी कपाटाकडे गेले.

या वर्षी मटाराला भाव चांगला मिळाला. मीही रात्रीचा दिवस करून बिड्या दिल्या. आमचं दोघांचं ठरलं होतं. महिन्याचा पहिला रविवार आला, पडोळेजी येऊन खाटेवर बसले, टाक्यांची चौकशी झाली. मी सगळे पैसे रुमालात बांधून त्यांच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, उरलेले सगळे आहेत.

त्यांनी रुमाल चाचपला. "नियमात..."

हे म्हणाले, "नियम गेला चुलीत. फंड भरला. आता डोळ्याचं बोला."

पडोळेजी गप्प बसले. त्यांना गप्प बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे, त्यामुळे काय करावं ते मला कळेना. भाषणाची तयारी करताहेत असं वाटलं. पण जे बोलले ते इतक्या हळू बोलले की हे पुढे वाकले.

"दोनदा जाऊन आलो मी," ते म्हणाले. "सरकारी दवाखान्यात. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. नंबर लागला, कपडे बदलले, खाट भेटली. सुई पाहून मले भेव वाटलं, ते वेगळं. पण मी बसून होतो. मग नर्सनं विचारलं, बाबा, साथ में कौन है? मी म्हटलं, युनियन आहे."

"मग?" मी विचारलं.

"तिनं म्हटलं, ठीक आहे, त्यातला एकजण बोलवा."

"मग?"

"मग कपडे घातले अन् आलो घरी."

बाहेर रुखसानादीदी पाण्यासाठी कोणाला तरी हाक मारत होती. मला या माणसाचा राग होता, अजूनही आहे, माझं कार्ड त्याने घालवलं ते घालवलंच. पण जबलपुरातल्या यच्चयावत माणसांची तब्येत विचारत फिरणाऱ्याला, सोबत कोण, एवढं सांगायला एक नाव सुचलं नव्हतं.

हे म्हणाले, "मंगळवारी चला. मी येतो. एक दिवस ठेला नाही लावला तर मटार काही रुसत नाही."

पडोळेजी म्हणाले, "तिथे दिवसभर बसावं लागते म्हणतात."

"तुम्ही नाही बसले का पायरीवर?"

मी म्हटलं, डबा मी आणीन. आणि डॉक्टरसमोर भाषण द्यायचं नाही, सुई टोचेपर्यंत तरी. ते हसले नाहीत. नुसती मान हलवली.

मग मी रुमाल सोडला आणि म्हटलं, पैसे मोजून घ्या. ते म्हणाले, दिसत नाही, वहिनी, तुम्हीच मोजा. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी एकेक नोट त्यांच्या ओंजळीत ठेवत गेले, मोठ्याने मोजत, त्यांना ऐकू जाईल असं. शेवटची ठेवली आणि म्हटलं, पूर्ण फिटले, भाऊजी.

ते तसेच ओंजळ धरून बसून राहिले.